शिवणीतली माया

शिंपी जाड झाला, तर ते सगळ्यांत शेवटी त्यालाच कळतं. बाकीच्यांना त्यांची पँट सांगते. बटण लागेनासं होतं, माणूस पोट आत ओढून आरशासमोर उभा राहतो, लाजतो, दोन दिवस हात आखडून जेवतो. शिंप्याच्या नशिबी ही लाज नाही. मागच्या शिवणीत दोन इंच जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्याला माया म्हणतात. टीप उसवायची, अर्धा इंच सैल करायचं, पुन्हा टीप मारायची, की गडी झाला बारीक.

टेलर मास्तरांच्या दादाने सात वर्षं हेच केलं. "माया आहे तोवर काळजी कशाला?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. मग माया संपली, आणि एका दुपारी मशिनवर बसल्या बसल्याच दादा गेला. त्रेपन्न वर्षांचा होता. शेजारच्या मशिनवर मास्तर बसलेले होते, आणि त्यांना ते कळायला अख्खी बाही शिवून व्हावी लागली. ती बाही त्यांनी कधीच माफ केली नाही स्वतःला.

मास्तरांना बावन्न पुरी झाली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या कमरेला टेप लावला. "चाळीस. छत्तीसवर आणा. रोज चाळीस मिनिटं चालायचं, मीठ कमी. तुमच्या भावालाही हेच सांगितलं होतं मी."

मास्तरांनी दुकानाच्या भिंतीवर निळ्या खडूने 'छत्तीस' लिहिलं आणि कंबर कसली. बायको म्हणाली, "चांगलं आहे. चार दिवसांनी ये रे माझ्या मागल्या नको म्हणजे झालं."

पण आला तो मागलाच. तिसऱ्या दिवशी पहाटे पाण्याच्या टाकीच्या चढावर मास्तरांना मागून चपलेचा आवाज आला. डावी चप्पल घासत चालणारा माणूस त्यांनी आयुष्यात एकच पाहिला होता. त्यांनी वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"अरे धाकट्या, थांब ना जरा. दम लागला."

आणि मास्तर थांबले. भीती वाटली का? वाटली. पण लहानपणापासून दादाने थांब म्हटलं की थांबायचं, एवढंच त्यांना येत होतं. ते कठड्यावर बसले. शेजारी कुणी तरी धापा टाकतंय असं वाटत राहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. मग रोजचंच झालं. चाळीस मिनिटांतली दहा चालण्यात आणि तीस कठड्यावर. घरी सांगायचे, चालून आलो.

दोन महिने झाले तरी पँट घट्ट होत नव्हती. मास्तर खूश. बायको मात्र वस्ताद. तिने टेप आणून कमरेला लावला आणि आकडा वाचून दाखवला, "साडेएक्केचाळीस."

"टेप ताणलाय तू."

"टेप नाही ताणला. पँट उलटी करून बघा."

त्यांनी पँट उलटी केली. मागची शिवण सैल केलेली होती. एकदा नाही, तीनदा, जुन्या टिपांची भोकं ओळीने दिसत होती. आणि टीप जिथे संपते तिथे उलट टीप तीन वेळा मारलेली. मास्तर कायम दोनदा मारत. तीनदा मारायचा तो दादा.

"हे कुणी केलं?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच. दुपारी दादांच्या मशिनवर बसता ना हल्ली! मी विचारलंही होतं. तर म्हणालात, माया आहे तोवर काळजी कशाला."

मास्तरांना यातलं काहीसुद्धा आठवत नव्हतं. त्यांनी आपल्या पाचही पँटी काढल्या, मोठी कात्री घेतली आणि टिपेला लागून माया कापून टाकली. हातात कात्री धरता येत नव्हती त्या वयात दादाने पहिला धडा दिला होता, की कापड कमी पडलं तरी चालेल, माया सोडायचीच. पट्ट्या खाली पडत होत्या आणि मास्तर हुंदके देत कापत होते.

दुसऱ्या दिवशी चढावर हाक आली. मास्तर थांबले नाहीत. "धाकट्या!" ते रडत चालत राहिले. रोज हाक थोडी मागे पडायची. एक दिवस ती आलीच नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. पोरकं वाटलं, आणि त्या पोरकेपणातच चाळीस मिनिटं रोज पुरी होत गेली.

पुढच्या वर्षी कंबर छत्तीसवर आली. मास्तरांनी दिवस मोजून ठेवले होते. एका मंगळवारी ते दादापेक्षा एका दिवसाने मोठे झाले. त्या दुपारी वरच्या मजल्यावरून वहिनी खाली दुकानात आल्या आणि दादाच्या स्टुलावर बसल्या.

"भावजी, एक विचारू? पहाटे फिरायला जाता, तेव्हा ह्यांना मागे टाकून येता का?"

मास्तरांनी शिवता शिवता मान वर केली.

"रोज जिना चढून येतात. दम लागलेला असतो. म्हणतात, धाकटा आता थांबत नाही."

"उद्यापासून थांबतो, वहिनी," मास्तर लगेच म्हणाले. ते तसेच होते.

"थांबलात तर याद राखा." वहिनींचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. "ह्यांना मी सात वर्षं काही बोलले नाही. तुम्हाला बोलणार. तुम्ही चाला. त्यांना पाणी द्यायला मी आहे."

त्या उठल्या आणि वर निघाल्या. मास्तरांनी मशिन थांबवलं. जिन्याच्या मध्यावर वहिनी कुणाला तरी हळूच म्हणत होत्या, "सावकाश चढा हो. घाई कसलीय आता."