माझ्या आवाजाची फाइल

माझा आवाज मोठा होता आणि मला त्याचा गर्व होता. रिठद गावाच्या पुढे आमची दोन शिक्षकांची शाळा आहे, तिन्ही बाजूंनी वावरं. मी चौथीचे पाढे घ्यायला लागले की पलीकडे सोयाबीन निंदणाऱ्या बायाही हात न थांबवता माझ्यामागे पाढे म्हणायच्या. एवढं ओरडून ओरडून एकदा घसा बसला, तो काही उठेचना.

अकोल्याच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ दाखवली. ऑपरेशन करायचं, मग काही आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. पुढे आवाज येईल, पण कसा येईल ते आत्ताच सांगता येत नाही, म्हणाले. परतीच्या एस.टी.त माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. आवाज नसलेल्या मास्तरणीचं वर्गात काम काय? नोकरी सोडते, असं मी घरी येऊन सांगूनही टाकलं.

शाळेतले दुसरे शिक्षक माझ्याहून वयाने लहान, पण मी त्यांना सरच म्हणते. ते दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन आले.

"मॅडम, बसका असो, आज तं आवाज हाय ना? मंग भरून ठेवू. पोरं तुमचा आवाज आयकतीन, तुमी मांगं बसून राहा."

वनस्पतींच्या भागांच्या स्लाइड माझ्या तयारच होत्या. पण शाळेचा टीव्ही पेनड्राइव्हवरच्या स्लाइड उघडत नाही, त्याला फक्त व्हिडिओ चालतो. म्हणून प्रत्येक स्लाइडवर माझं बोलणं भरायचं आणि सगळ्याचा व्हिडिओ करायचा, असं ठरलं. आम्हा दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिला व्हिडिओ झाला त्यात मूळ, खोड, पान शर्यत लागल्यासारखी पळाली, कारण कोणती स्लाइड किती वेळ थांबणार हे आम्ही ठरवलंच नव्हतं. दुसऱ्यात स्लाइड सरकताना मी बोलत राहिले, तेवढे शब्द गळाले. तिसऱ्या वेळी फाइल तयार होता होता लाइट गेली, आणि सरांच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी काही तग धरणारी नव्हती. मी चिडले. सर मात्र चहा मागवून पुन्हा पहिल्यापासून बसले. त्या माणसाच्या सबुरीचं मला आजही नवल वाटतं. माझ्यात ती कधीच नव्हती.

शेवटी जमलं. ऐकताना सरांनी मध्येच थांबवलं.

"मॅडम, मधातमधात चूप काहून होता? एवढं रिकामं सुटून राह्यलं. कापून टाकू?"

मी कधी चूप झाले ते माझं मलाच कळलं नव्हतं. बारा-पंधरा वर्षांची सवय. "मुळं जमिनीतून शोषून घेतात ते...?" म्हणून मी थांबते, वर्ग "पाणीऽऽ" म्हणून ओरडतो, मी "शाब्बास" म्हणून पुढे जाते. इथे समोर पोरं नव्हती, तरी मी थांबले होते आणि भिंतीला शाब्बासकीही देऊन मोकळी झाले होते. आम्ही दोघं खूप हसलो. "राहू द्या," मी म्हटलं.

ऑपरेशन झालं. अंथरुणातली विश्रांती संपली, बोलायची बंदी मात्र अजून होतीच, म्हणून मी तोंड बंद ठेवून शाळेत गेले आणि वर्गात मागे बसले. सरांनी टीव्ही लावला. माझा आवाज आला. "ते...?" म्हणून थांबला, आणि सगळा वर्ग गरजला, "पाणीऽऽ!" टीव्हीतून मी म्हणाले, "शाब्बास!" पोरं खूश. माझे डोळे भरून आले, सरांना हात जोडावेसे वाटले. आणि खरं सांगते, त्याच वेळी वाईटही वाटलं. किती झकास चाललं होतं माझ्यावाचून! आता पेनड्राइव्ह ठेवून घरी जायला मी मोकळी होते.

मग हळदीची स्लाइड आली. "हळदीचा जो भाग आपण जमिनीतून काढतो, तो म्हणजे हळदीचं...?"

आमच्याकडे घरोघरी हळद. पोरं स्वतः वावरात जाऊन वेचतात. मातीतून निघतं ते मूळ, यात त्यांना कसली शंका? "मूऽऽळ!" अख्खी शाळा दणाणली.

"शाब्बास!" टीव्हीतली मी म्हणाले आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

वर्ग पुढे बघत होता. एक मुलगी तेवढी मागे वळली. तिच्या घरी दरवर्षी हळदीचं बेणं लावतात.

"मॅडम, तुमी शाब्बास म्हनलं, पन हळदीले तं डोये असतात, तिथूनच कोंब फुटतेत. आमी डोये पाहूनच लावतो. मुळीले कुठं डोये राह्यतेत? बरोबर हाय का हे?"

एकेक करून सगळी डोकी मागे वळली. सरांनी टीव्ही थांबवला. टीव्हीवर माझाच आवाज होता, नुकताच शाब्बास म्हणालेला, आणि तरी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली. नाही. मग उठून फळ्याजवळ गेले, हळदीचा कंद काढला, त्याला डोळे काढले, खालून बारीक मुळं काढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, खोड. त्या मुलीची पाठ थोपटली. त्या दिवशी वर्गात मी एक शब्दही बोलले नाही, आणि घरी जाऊन पाटीवर लिहून दाखवलं की नोकरी सोडत नाही.