बंदी उठली तेव्हा

निर्यातबंदीची बातमी टीव्हीवर आली तेव्हा आमची कांद्याची चाळ आढ्यापर्यंत भरलेली होती. माण तालुक्यातल्या कोरड्या रानात, विहिरीचा तळ खरवडून पिकवलेला कांदा. सकाळी व्यापाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "वहिनी, गेलेला मालच बंदरावर अडकलाय. आता काय पाठवू नका."

खालच्या थरातून आधीच वास येऊ लागला होता. मी रोज हात घालून नासके कांदे काढायची, दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारचे नासलेले असायचे.

आमचे हे फौजेतून निवृत्त झालेले. वरून आलेला हुकूम मुकाट पाळायचा, आयुष्यभर तेच केलं. पण त्या आठवड्यात म्हणाले, "दिल्लीत शेतीच्या समितीवर हायत ते खासदार मलकापूरला येनार हायत. चल, भेटू."

मलकापुरात एका कार्यकर्त्याच्या ओसरीवर दुपारपर्यंत बसलो. हे इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ. खासदार आले ते थकलेले दिसत होते. खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले, सगळं ऐकून घेतलं.

"फौजी, खोटं बोलत नाही. बैठकीत मी विरोध केला. पण शहरात कांदा महागला की मतं जातात, हे तिथं प्रत्येकाला पाठ आहे. माझ्या बाजूनं कुणी तोंड उघडलं नाही."

"मग आमी काय करायचं, सायेब?"

त्यांनी कार्यकर्त्याला चहा आणायला सांगितलं. रागावले असते, खोटं आश्वासन दिलं असतं, तरी भांडता आलं असतं. "चहा घ्या," एवढंच म्हणाले.

परतीच्या एसटीनं उंब्रज सोडलं. मग हे एकदम म्हणाले, "अगं, सरहद्दीवर समोर कोन हाय ते तरी दिसायचं."

घरी येऊन चाळ उपसली, तर सगळा कांदा नासलेला. शेजारच्या धनगराला म्हटलं, मेंढरं घाल. मेंढरं हुंगून मागं फिरली. तशी ह्यांच्या हातातलं फावडं गळालं, आणि हे त्या नासक्या कांद्याच्या चिखलात मटकन बसून हुंदके देऊ लागले.

"आवं, उठा," म्हणत मी वाकले, आणि मीही तिथंच बसले.

बंदी उठली तेव्हा त्याच व्यापाऱ्याचा फोन आला. "वहिनी, माल हाय का?"

"न्हाई."

"का, भाव वाढायची वाट बघताय व्हय?" तो हसला.

यंदा ते रान आम्ही पेरलेलं नाही.