शिंपीणमावशींच्या भिंतीवरचे खिळे

आमच्या गावात प्रत्येक घराची एक जादा किल्ली शिंपीणमावशींच्या भिंतीवर टांगलेली असे. कारण मावशी सदा घरात, मशीनवर. मूळच्या सातासमुद्रापलीकडच्या. गावच्याच ट्रकवाल्याने, तिकडे कामाला असताना, लग्न करून आणल्या. तो गेला, मावशी राहिल्या. रंगाने आमच्या चार पावलं पुढे, केस असे की कंगव्याने हात जोडावेत. निम्म्या गावाची पहिली झबली त्यांच्या हातची, तरी पाहुण्यांना आम्ही सांगणार, "बाहेरच्या आहेत, पण शिवण काय सुबक!"

मग गिरणीवाल्याकडे चोरी झाली. कुलूप शाबूत, दागिने गायब. म्हणजे किल्लीने उघडलेलं! सकाळीच मावशींच्या दारात ही गर्दी.

"किल्ली द्या हो जरा, पाहुणे यायचेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आमचं कुलूपच बदलतोय, गंजलंय मेलं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग जुनी किल्ली कशाला?" मावशींनी विचारलं, तर मास्तरीणबाईंना एकदम गॅसवरचं दूध आठवलं.

दुपारपर्यंत सगळे खिळे मोकळे. उरली एकच किल्ली, म्हाताऱ्या लोहारबाबाची. आणि हा बाबा म्हणजे फाटक्या तोंडाचा! भररस्त्यात "ए काळे" म्हणून हाक मारणारा गावात तो एकटाच. बाकीचे आपले पाठीमागे म्हणतात, सभ्य माणसं.

मावशी कोड्यात पडल्या. किल्ली घेऊन त्याच्या दारात गेल्या.

"बाबा, ही न्यायची राहिली. सगळ्यांनी नेल्या."

"नेल्या तर नेल्या. मी काय करू?"

"माझ्यावर भरवसा आहे, की विसरलात?"

बाबाने बराच वेळ टाळू खाजवली. "आठवत नाही," म्हणाला.

पुढे चोर सापडला: गिरणीवाल्याचा सख्खा भाचा! किल्ल्या गेल्या तशाच हसतहसत परत आल्या. "पाहुणे गेले बरं का, मावशी!" मावशींनी पुन्हा खिळ्यांवर टांगून घेतल्या. त्यांना राग आला होता की बरं वाटलं होतं, हे शेजारणीने खोदून खोदून विचारलं. "मलाच कळत नाही गं," म्हणाल्या.

परवा त्या लेकीकडे निघाल्या. कुलूप लावलं आणि स्वतःची किल्ली हातात धरून गल्लीत उभ्याच राहिल्या. इतक्या वर्षांत ती कोणाकडे ठेवायची वेळच आली नव्हती.

"द्या ना माझ्याकडे!" डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. मावशींनी त्या हाताकडे पाहिलं, हसल्या, आणि बाबाच्या ओट्याशी गेल्या.

"माझ्याकडे कशाला, काळे?"

"ठाऊक नाही. पण बाबा, ते 'काळे' अजून टोचतं हं."

बाबा चपापला. "मग काय म्हणू?"

मावशी काहीतरी बोलल्या, तोच बसने हॉर्न वाजवला आणि त्या धावल्या. डॉक्टरीणबाई छातीठोक सांगतात, आपलं नाव सांगून गेल्या. कोणतं, ते मात्र त्यांना ऐकू आलं नाही, आणि आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. बाबाला विचारावं तर टाळू खाजवतो. किल्ली मात्र दोरीत ओवून गळ्यात घालून हिंडतोय, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतोय, "ती परत कधी यायची रे?"