गुंडाळी न उघडता काढलेले सात दिवस

"तुमचं हृदय ठणठणीत आहे," हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला राग आला. ईसीजी झाला होता. टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही झाली होती. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. मग छातीवर पोतं ठेवल्यासारखं झालं ते काय? हातपाय गार पडले ते काय?

"तो पॅनिक अटॅक होता. भीतीचा झटका," डॉक्टर म्हणाले. "मूळ दुखणं अँग्झायटीचं, म्हणजे सततच्या काळजीचं. काम काय करता?"

"बियाणं केंद्र चालवते. हाताखाली अकरा माणसं आहेत."

"अकरा माणसं आहेत, की अकरा माणसांचं काम तुम्हीच करता?"

शेजारी बसलेला नवरा फिस्सकन हसला. परतीच्या वाटेवर आमचं जवळा बाजार गाव येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

आमचं केंद्र शेतकऱ्यांच्या कंपनीचं, सोयाबीनच्या बियाण्याचं. पेरणीआधी प्रत्येक लॉटची उगवण तपासतात. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, वरून पाणी शिंपडत राहायचं आणि सातव्या दिवशी उघडून मोजायचं. सत्तर उगवले की लॉट पास. हे काम माझ्या हाताखालच्या दैवशालाकडे होतं. आठ वर्षांत तिचा हात कधी चुकला नव्हता.

मी मात्र त्या गुंडाळ्या रोज उघडून बघायचे. सकाळी एकदा, दुपारी एकदा. दाणा फुगला का? मोड आला का? बघितलं की तासभर बरं वाटायचं, मग परत जीव टांगणीला. कुलूप तीनदा ओढून बघायचे. जेवताना दात इतके आवळलेले असायचे की जबडा दुखायचा. "मॅडमच्या हाताखालून गेलं की बिनघोर," असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचे. हा आजार आहे हे मला कळलंच नाही. मला वाटलं, हीच माझी हुशारी.

मग सेनगावकडच्या बायकांच्या गटाचा लॉट आला. सातव्या दिवशी मोजले तर बावन्न. मी तो लॉट नापास करून टाकला. तेव्हा दैवशाला म्हणाली, "मॅडम, बी चांगलं हाय. तुमी दोन-दोन टाइम काहून उघडून राहिल्या? मे महिन्याच्या झळा लागून गोणपाट सुकलं. कवळे मोड तुमच्याच बोटानं तुटले."

खरं होतं ते. म्हणून तर मी जास्त ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तिनं तपासणीच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "मंग तुमीच करा समदं. मला न्हाई जमत आता." ती गेली आणि पाऊण तासात मी छाती धरून हिंगोलीच्या वाटेवर होते.

पुढचे उपचार नांदेडला, मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे. तिथल्या बाकावर पहिल्यांदा बसले तेव्हा ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून पदर तोंडावर ओढला होता. तिसऱ्या खेपेला ओळखीचे गुरुजीच शेजारी येऊन बसले आणि दोघांनी मिळून चहा घेतला. लाज तिथेच संपली. तुमच्यापैकी कुणी त्या बाकाला भीत असेल, तर एवढं नक्की सांगते.

बाईंनी एक गोळी दिली, आणि एक काम. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे: एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. म्हणजे ज्याची धास्ती वाटते ते समोर असू द्यायचं, पण हात लावायचा नाही. "तपासायची हुक्की आली की वीस मिनिटं थांबा," त्या म्हणाल्या. "ती वाढेल, आणि मग उतरेल. उतरतेच."

मी दैवशालाच्या घरी गेले. "चूक माझी होती," एवढंच म्हणाले. पुढचं पाठ केलेलं विसरले. तिनं पाणी दिलं. "गुंडाळीला हात लावणार न्हाई, असं म्हणा आधी." मी तसं म्हटलं. त्याच लॉटची तपासणी आम्ही पहिल्यापासून पुन्हा लावली. त्या बायकांचं वर्षभराचं काम त्या एका गुंडाळीत होतं, आणि दैवशाला राहणार की जाणार, हेही.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मी खोलीच्या कडीला हात घातला. तळव्याला घाम, छातीत धडधड. घड्याळाकडे बघत उभी राहिले. बाराव्या मिनिटाला वाटलं, आता मरते. अठराव्याला लक्षात आलं की मला भूक लागली आहे. जाऊन भाकर खाल्ली.

चौथ्या दिवशी मी तिला चार वेळा फोन केला. "पाणी शिंपडलं?" चौथ्या वेळी ती म्हणाली, "मॅडम, बी उगवून राहिलं. तुमी बी जरा उगवा." मी खूप दिवसांनी मोठ्यानं हसले.

सातव्या दिवशी तिनं गुंडाळी उघडली. पांढरे, सरळ मोड. तिनं बोटानं एकेक बाजूला सारत मोजले. "चौऱ्याऐंशी." मग तिनं सवयीनं गोणपाट माझ्याकडे सरकवलं. "घ्या, मोजा तुमी."

गोळी अजून चालू आहे, धडधड अजून कधीमधी येते. दैवशालाचे, डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण मी बरी झाले ते नेमकं कधी, असं कुणी विचारलं तर मला तो क्षण माहीत आहे. मी पेन उचललं, तिनं सांगितलेला आकडा लिहिला, खाली सही केली.

दाणे मी मोजले नाहीत.