अप्पांच्या अंगणातलं रान

आम्ही जुन्या ऑफिसातले चौघे आजही चहाला बसलो, की कप तोंडाला लागायच्या आत अप्पांचा विषय निघतो. एकाचा किस्सा संपेपर्यंत दुसऱ्याला दोन आठवलेले असतात. किश्शांची नुसती गर्दी होते!

अप्पा म्हणजे आमचे हेडक्लार्क. मूळचे सीमेवरच्या मैंदर्गी गावचे. घरात कन्नड, ऑफिसात मराठी. सात रस्ता चौकामागं आमची क्वार्टर्स होती. प्रत्येकाच्या अंगणात गुलाब, नाहीतर क्रोटन. आणि अप्पांनी गावाकडून पोतं भरून काय आणावं? रुई, तरवड आणि रानबोरं!

मी म्हणालो, "अप्पा, अहो हे तर माळावर फुकट उगवतं!"

"म्हणून तर आणलं की! पाखरं काय क्रोटन खात्यात व्हय?"

*

एकदा बघतो, तर अप्पांच्या रुईवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्याच अळ्या. पानांची नुसती चाळण! शेजारधर्म म्हणून मी डीडीटीचा पंप घेऊन पोचलो. अप्पांच्या मिसेस, नीलाक्का, पदर खोचून आडव्या उभ्या राहिल्या.

"पाव्हणं जेवायला बसल्यात आणि तुमी इख घेऊन आला?"

मी पंप घेऊन परत. पंधरा दिवसांनी सकाळीच नीलाक्कांची हाक आली, "बर्री, बर्री! लवकर या, पाव्हणं निघाल्यात!"

जाऊन बघतो, तर रुईवर केशरी फुलपाखरं पंख वाळवत बसलेली. माझी बायको तासभर तिथून हलली नाही. त्या दिवशी मी डबा न घेताच ऑफिसला गेलो!

*

आमच्या साहेबांचा गुलाबांवर फार जीव. एका दुपारी कुणाच्या तरी शेळ्या शिरल्या आणि सगळा बगीचा साफ! अप्पांच्या तरवडाच्या कुंपणाला मात्र शेळीनं तोंडसुद्धा लावलं नव्हतं. पिवळी फुलं जशीच्या तशी.

साहेब डोक्याला हात लावून बसले. आमचा शिपाई धोंडिबा सांगोल्याचा, शेळ्यामेंढ्यांतच वाढलेला. तो समजूत घालायला गेला.

"साहेब, शेळीचं काय चुकलं? तुमी तिचं ताट वाढून ठेवलं, अप्पांनी न्हाय वाढलं!"

*

पण खरी कसोटी पुढंच होती. वरचे साहेब इन्स्पेक्शनला येणार म्हणून मेमो निघाला : 'क्वार्टरच्या आवारातील काटेरी झुडपे तात्काळ काढावीत.'

अप्पांचा चेहरा उतरला. बोरीच्या जाळीत बुलबुलाचं घरटं होतं! संध्याकाळी त्यांनी सुवाच्य अक्षरात उत्तर टाकलं : 'सदर झुडपात एक कुटुंब राहत असून मादी बाळंतपणाच्या रजेवर आहे. रजा संपेपर्यंत जागा खाली करता येत नाही.'

आम्हाला वाटलं, अप्पांची बदली नक्की! फाईल दुसऱ्या दिवशी परत आली. खाली लाल शाईत साहेबांचा शेरा : 'रजा मंजूर.'

अप्पांनी पुढं रीतसर रिपोर्टही दिला : 'दोन अपत्यांसह क्वार्टर सोडले.' झुडपाची फाईल मग कुणी उघडली नाही.

*

आणि मग बहात्तरचा दुष्काळ. टँकर दिवसाआड. तरी अप्पांच्या अंगणात पाखरांसाठी पाण्यानं भरलेलं मातीचं परळ रोज असायचंच. टँकरच्या रांगेत एक बाई चिडल्या, "इथं माणसांना पाणी नाही आणि चिमण्यांचे लाड!"

नीलाक्का शांतपणे म्हणाल्या, "आमच्याच वाटणीचं हाय, बाई."

त्याच दिवसांत अप्पांची दाढी वाढू लागली. साहेब शिस्तीचे. दाढी न केलेल्या क्लार्कला ते दारातून परत पाठवायचे. पण अप्पा वयानं मोठे. साहेबांनी आठ दिवस वाट पाहिली आणि शनिवारी केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. आम्ही सगळे कान टवकारून.

"अप्पा, कुठला नवस बोललात काय?"

"न्हाय साहेब. दाढीचं पाणी तेवढं पाखरांना लावून दिलंय."

साहेब मानेनंच 'जा' म्हणाले.

सोमवारी दहाच्या ठोक्याला साहेब ऑफिसात शिरले. आम्ही सगळे उभे राहिलो आणि उभेच राहिलो.

साहेबांनी दाढी केलेली नव्हती!