तनुजाच्या चावीवरची दुसरी सही

उस्मानपुऱ्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान हाय. मी नववी नापास, पण माझी बहीण तनुजा कॉम्प्युटरवर जे करते ते इथं कुणालाच जमत नाय, लिहून देतो. जगभरची माणसं मिळून एक फुकट सॉफ्टवेअर बनवतात. त्यांच्यात जायचं तर तुमच्या चावीवर आतल्या दोघांच्या सह्या लागतात. चावी म्हंजी लोखंडाची नाय. मेलला कुलूप लावायचा लांबलचक आकडा. सही करणारा समोरासमोर बसून खात्री करतो, चावी ह्याच माणसाची का.

एक सही तिनं पुण्याहून आणली. दुसरी फुलंब्रीच्या अम्मारकडून घ्यायची, तो पण आतलाच. मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत.

शनिवारी अम्मार तनुजाला भेटायला दुकानावर आला. मी म्हणलं, "मी सांगतो ना, सख्खी बहीण हाय. अख्खा उस्मानपुरा मला ओळखतो."

"बद्रीभाई, तुम्हाला ओळखतात. चावी तुमची थोडीच हाय?" त्यानं तिचा पासपोर्ट उजेडात धरून बघितला, तिच्या चिठ्ठीवरची, चावीच्या ओळखीची चाळीस अक्षरं एकेक जुळवली. "सही मेलवर येईल, कुलूप लावून. ती उघडली तरच चावी पण तिची अन् मेल पण तिची."

रविवारी दुपार झाली तरी मेल नाय. मला चैन पडंना. दुकान बंद, तरी शटर वर-खाली करत बसलो. अम्मारला चारदा फोन लावला. तो म्हणं, सकाळीच पाठवली.

तनुजानं माझ्याकडं बघितलं. "दादा, तुझ्या फोनवर काही आलं होतं?"

तिची मेल मीच काढलेली, दहावीच्या फॉर्मच्या वेळी. तेव्हापासून माझ्या फोनवर पण उघडते. रोज सकाळी मी त्यातला कचरा काढतो.

"एक आली होती. नुसती अगडबगड अक्षरं. फ्रॉड दिसला, उडवली. कचऱ्याचा डबा पण साफ केला."

तिनं कपाळाला हात लावला, अम्मारला फोन करून खरं सांगितलं. तो स्पीकरवर म्हणाला, "मेल दोघं उघडतात? मग ही तनुजाची म्हणून सही कशी करू मी?"

मी फोन ओढला. "अरे, आई गेल्यापासून हिचं हॉलतिकीट, निकाल, नोकरीचं पत्र, सगळं आधी मी वाचलंय! मी काय परका हाय व्हय?"

"दादा," तनुजा हळूच म्हणाली, "मी एकोणतीसची झाले."

पाच वाजले होते. मी माझा फोन तिच्यापुढं ठेवला. "काढ मला तुझ्या मेलमधून."

ती नवा पासवर्ड टाकत होती तवर मी पंख्याच्या गुंडाळीकडं बघत बसलो. साडेपाचला अम्मारची मेल परत आली. तिच्या लॅपटॉपवर कुलूप उघडलं. ती हसली. सहाच्या आत तिनं सगळं पाठवलं.

आता सकाळी फोन हातात घेतो तर बघायला काय नाय. हात शिवशिवतो. पण माझ्या बहिणीची मेल मला सुद्धा उघडत नाय. अख्ख्या जिल्ह्यात असं कुलूप दाखवा मला.