देवाला जाब विचारायची तयारी

मला खेकडा चावला आणि मी मरायला बसलो.

आषाढातली गोष्ट. भात लावून झालं होतं. कालवणाला काहीतरी हवं म्हणून मी खाचराच्या बांधातल्या बिळात कोपरापर्यंत हात घातला. मुळशीच्या माणसाला बीळ बघूनच कळतं, आत खेकडा आहे की जनावर. म्हणजे इतरांना कळतं. बोटाला कळ आली, रक्ताचे दोन ठिपके दिसले आणि पुढचं काही न बघता मी बोंब ठोकली, "पान लागलं!" साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

चौघांनी उचलून मला बहिरोबाच्या देवळात आणून टाकलं. दवाखाना लांब आणि ओढ्यांना पूर. विष उतरवायला देवच जवळ. म्हातारा गुरव कडुनिंबाचा पाला घेऊन आला. पाला कडू लागला तर माणूस जगतो, नाही लागला तर विष चढलं म्हणायचं.

"चाव. कडू लागतुया का?"

सकाळीच पानात चुना जास्त पडून माझी जीभ भाजली होती. हे साफ विसरून मी म्हटलं, "न्हाई वो, बाबा." बायकोनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ती भर पावसात बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली.

"मग आता देवाला काय सांगायचं ते सांगून घे," गुरव म्हणाला. "थोड्या येळानं समोरासमोरच गाठ हाय."

या गाठीची तयारी माझ्याइतकी गावात कुणाचीच नव्हती. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली. बहिरोबाही आमच्यासारखाच उठवलेला. पाणी चढलं तेव्हा याच गुरवानं त्याला टोपलीत घालून डोक्यावरून वर आणलेला. पारावर बसून मी कितीदा तरी बजावलं होतं, "मेल्यावर भेटू दे तर खरा! त्यो माझा न्याय करायच्या आधी मीच इचारीन, माझ्या बापाची जमीन बुडत हुती तवा तू कुटं हुतास? म्हनं जग निर्मान केलं! चार खाचरं राखता आली न्हाईत." सगळं भाषण पाठ होतं. हातवारेसुद्धा ठरलेले.

मी वर पाहिलं. देवाचे चांदीचे डोळे नेमके माझ्यावर. आणि तोंडातून निघालं ते असं, "देवा, गाव बुडालं ते बरंच झालं. खाली डास लई हुतं. बापाची जमीन बी तशी नापीकच. तुझी करनी, आमाला काय कळतंय?"

लोक कान देऊन ऐकत होते. इथं तरी थांबावं की नाही? मी पाय धरायला गेलो. आमचा बहिरोबा म्हणजे शेंदूर फासलेला गोल दगड, त्याला पाय कुठले! म्हणून मग अख्ख्या देवालाच मिठी मारली.

तेवढ्यात बायको आली. कंबरेपर्यंत चिखल आणि हातात वाटीएवढा काळा खेकडा.

"अवं, त्याच बिळातनं काढला. दुसरं कायबी न्हाई आत."

देऊळ हसून हसून लोळलं. गुरव तेवढा हसला नाही. माझ्या सदऱ्याला लागून गेलेल्या शेंदराकडं बघत तो म्हणाला, "नुसत्या खेकड्यानं धरलं तर सारं गाव बुडवल्यालं माफ केलंस. खरंच पान लागलं असतं तर धरनवाल्यांच्या बी पाया पडला असतास."